मेणाची टोपी

आमच्या आत्याबाईंचा आयुष्यभर एकाच गोष्टीवर विश्वास होता, आणि ती गोष्ट त्यांच्या तोंडात होती. वरच्या ओळीत डावीकडे, सुळ्याच्या मागच्या दाताला त्यांनी सोन्याचा पत्रा चढवून घेतला होता. तो दिसायचा फक्त हसल्यावर, आणि आत्याबाई सहसा हसत नसत. त्यामुळे अंबडमधल्या निम्म्या लोकांना त्या सोन्याचा पत्ताच नव्हता.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. त्यांना केदारखेड्याला दिलं होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी अंगावरचं सगळं उतरवून घेतलं तेव्हा मंगळसूत्राची एक वाटी चौदा वर्षांच्या त्या मुलीनं गालात धरली. वाटी कुठंय म्हणून विचारलं तर नुसती मान हलवली. तोंड उघडता येईना म्हणून रडताही येईना, आणि ‘पोरगी रडली सुद्धा न्हाई’ एवढा बोल मात्र पदरात पडला. त्या बैलगाडीनं माहेरी आल्या त्या वाटी गालात धरूनच, आणि मग कायमच्या आमच्याकडे राहिल्या.

आमच्या शेजारी एक मारवाडी कुटुंब होतं. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, कापडाचं दुकान. त्यांच्या शेठाणीबाईंच्या पुढच्या दोन दातांत सोन्याचे बारीक ठिपके होते. आत्याबाईंनी एकदा कारण विचारलं. शेठाणीबाई म्हणाल्या, मरताना तोंडात सोनं असावं, गंगेचं पाणी सोन्याला लागून घशाखाली उतरावं. ऐन वेळी घरच्यांना सुचेल न सुचेल, म्हणून आमच्यात आधीच बसवून ठेवतात. आत्याबाईंना हे बोलणं एकदम पटलं. आपल्याला मूल नाही, बाळ नाही. आपल्या तोंडात सोनं घालणार कोण? आणि घातलं तरी सरणावर चढवायच्या आधी हळूच काढून घेणार नाहीत कशावरून? त्यांनी सोनाराच्या समोर बसून त्या वाटीचा पत्रा ठोकून घेतला आणि बाजाराच्या दिवशी येणाऱ्या दातवाल्याकडून चढवून घेतला. पुढे रझाकारांच्या धामधुमीत सगळ्या गल्लीनं आपापलं सोनं चुलीखाली, परसात, जमेल तिथं पुरलं. आत्याबाई नुसत्या तोंड मिटून बसल्या.

बाकी सगळ्या जगाचा त्यांना संशय. दूधवाल्याला त्या आधी त्याच्याच दुधाचा घोट घ्यायला लावत. देवळातला प्रसाद असो की शेजारणीनं दिलेली वाटीभर भाजी, देणाऱ्याकडे बघून त्यांचे दोन शब्द ठरलेले: “आधी तू.” समोरच्यानं खाल्लं, त्याला काही झालं नाही, की मग त्या हात पुढे करत. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा भाकरी थापली तेव्हाही त्यांनी मला “आधी तू” म्हटलं होतं. मी ती भाकरी तशीच चुलीत टाकली होती.

पोलीस अॅक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. आत्याबाईंच्या जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला आणि तो बरा होईना. त्यांना पानात तंबाखूची सवय होती. पानवाल्यानं कातात काहीतरी कालवलं असणार म्हणून त्यांनी पान एका दिवसात सोडलं; हा त्यांच्या संशयाचा झालेला एकमेव फायदा. फोडाची गाठ झाली. जालन्याच्या डॉक्टरांनी जीभ धरून बघितली, वडिलांना बाहेर नेलं आणि हैदराबादला न्या म्हणाले. तेव्हा अजून हैदराबादच आमची राजधानी होती.

सोबत मला पाठवलं, कारण घरात मलाच उर्दू नीट येत होती. माझं शिक्षण निजामाच्या शाळेत झालेलं. मी एकोणीस वर्षांची होते, लग्न ठरायचं होतं. वडील कचेरीत कारकून. त्यांनी आम्हाला दवाखान्यात पोचवलं, चार दिवस राहिले आणि रजा संपली म्हणून परत गेले. बायकांच्या वॉर्डात आत्याबाईंच्या खाटेशेजारी चटई टाकायला मला जागा मिळाली.

तिथल्या उपचाराला सगळा वॉर्ड ‘शेक’ म्हणायचा. एका खोलीत मोठं यंत्र होतं, त्यातून निघणारे किरण गाठीवर सोडायचे. पण शेक सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी आत्याबाईंचे हलणारे तीन दात काढायला सांगितले. शेकानंतर दात काढला तर हिरडी लवकर भरत नाही, जबडा नासतो, असं ते म्हणाले. मी हे जसंच्या तसं सांगितलं.

“रोग जिभेला अन् काढून राह्यले दात,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरी, तुला उर्दू बराबर येतं ना?”

दात काढून झाल्यावर त्यांनी ते मागून घेतले आणि पदराच्या गाठीत बांधले. डॉक्टरांना नको असलेली वस्तूही त्यांच्याकडे ठेवायची आत्याबाईंची तयारी नव्हती.

मग डॉक्टरांना पत्रा दिसला. हैदराबादकडचे पोक्त गृहस्थ होते, बोलायला गोड. ते म्हणाले, “अम्मा, किरन सोने से टकराके पलटते, गाल को जला देते. ये निकालना पड़ेगा.” आत्याबाईंना हे भाषांतर न करताच कळलं. त्यांनी तोंड मिटलं आणि मानेनंच नाही म्हणून सांगितलं. केदारखेड्याला हलवली असेल तशीच ती मान. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, मी समजावलं, नर्सनं समजावलं. तोंड काही उघडेना. शेवटी डॉक्टर हसून म्हणाले, ठीक आहे, मग दाताला मोम की टोपी पहना देंगे. दाताच्या मापाची मेणाची जाड खोळ करायची, शेकाच्या वेळी ती पत्र्यावर बसवायची, म्हणजे सोनं आणि गाल यांच्यात अंतर राहील आणि उलटणारा मारा मेणातच अडकेल.

आणि इथं मी माती खाल्ली. मी आत्याबाईंकडे वळून सरळ सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, काढत नाही. दाताला टोपी घालतो.”

आत्याबाई उठल्या. गाठोडं उचललं आणि चालायला लागल्या. “तोंडावर सांगून टोपी घालणारा पहिलाच बघितला,” एवढं म्हणाल्या. डॉक्टर मला विचारतायत काय झालं, आणि टोपी घालणं म्हणजे आमच्याकडे काय, हे त्यांना उर्दूत सांगायची माझी हिंमत नाही. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे पळाले. तिथल्या लिंबाखाली मी त्यांना टोपी म्हणजे टोपी, झाकण, खोळ, फसवणूक नव्हे, हे सांगत बसले. दुपार त्यातच गेली. अखेर त्या परत आल्या, पण माझ्या बोलण्यामुळे नव्हे. जालन्याची गाडी दुसऱ्या दिवशी होती म्हणून.

मऊ मेण दाताला दाबून ठसा घेतला तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली. “सोनार बी आधी असाच मेणाचा ठसा घेतो,” त्या मला म्हणाल्या. “आता ह्याच मापाचं पितळ बसवतेत बघ. आपल्याला पत्ता बी लागायचा न्हाई.” तेव्हापासून रोज सकाळी छोटा आरसा तोंडासमोर धरून त्या आपलं सोनं सोनंच आहे ना, हे बघून घेत.

टोपी बसवायचं काम डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं. कोमट पाण्यात ती जराशी मऊ करायची, पत्र्यावर दाबायची, बोटानं चाचपून बघायची. “बेटी, ये तुम्हारा काम है. बाकी हम देख लेंगे,” ते म्हणाले. मला या कामाचा अभिमान वाटायचा. मी टोपी नीट बसवून आत्याबाईंना त्या खोलीत सोडत असे. तिथला माणूस त्यांना टेबलावर निजवी, डोकं वाळूच्या दोन पिशव्यांमध्ये घट्ट बसवी आणि बाहेर येऊन जाड दार ओढून घेई. कुणीच आत थांबत नसे. डॉक्टर नाही, नर्स नाही, मी नाही.

“औषध एवढं चांगलं हाय, तर देणारेच का पळून जातेत?” आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. खरं उत्तर मला माहीत होतं. रोज रोज ते किरण अंगावर घेणं काम करणाऱ्यांना चांगलं नाही. हे मी त्यांना सांगितलं असतं, तर जालन्याची गाडी त्यांनी चुकवली नसती. मी म्हटलं, तसा नियम आहे.

दोन आठवड्यांनी त्यांचं तोंड आतून लाल झालं. जीभ सोलवटली, थुंकी चिकट झाली, पाणीसुद्धा झोंबायला लागलं. हे होणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात डाव्या गालाला आतून एक वेगळाच व्रण दिसला. चिंचोक्याएवढा, पांढऱ्या कडेचा, खोल. बरोबर सोन्याच्या दातासमोर. त्या दाताचा शिक्का मारल्यासारखा.

डॉक्टरांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “टोपी नहीं लगाई,” ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मी शपथ घेतली. रोज लावते, शेकाच्या आधी बोटानं चाचपते, नंतर मीच काढते, आणि ती जागच्या जागी असते. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. अपमानानं माझे कान तापले. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले, आणि रडले म्हणून आणखी संतापले.

त्यांनी शेक थांबवला. पंधरा दिवस घरी न्या, तोंड बरं करून आणा, म्हणाले. गाल भरला तर उरलेला शेक देऊ. नाही भरला तर देता येणार नाही, आणि अर्धवट शेक म्हणजे न दिल्यासारखाच. गाठ परत उठेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. हे शेवटचं वाक्य मी आत्याबाईंना सांगितलं नाही. वडिलांना सांगितलं.

परतीच्या गाडीत माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. मेण पातळ झालं असेल का? खोलीतला तो माणूस डोकं बसवताना टोपी सरकवतो का? की डॉक्टरांना तो दात काढायचाच होता, म्हणून त्यांनी मुद्दाम कच्चं मेण दिलं? की मीच एखाद्या दिवशी विसरले? मी स्वतःच्या बोटांकडे सुद्धा संशयानं बघायला लागले. समोर आत्याबाई डोळे मिटून, पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. त्या काय विचार करत होत्या ते मला कळत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर मी तोंडाचा ताबा घेतला. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून सहा वेळा गुळण्या. तिखट बंद, आंबट बंद, गरम बंद. भाताची पेज, दूध, वरणाचं पाणी, वर साजूक तूप. रात्री निजताना गालाला आतून तुपाचं बोट. आईला वाटायचं, ही पोरगी हैदराबादहून आली ती डॉक्टरीणच होऊन आली. घरात मिरच्या भाजायच्या नाहीत असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “मंग आम्ही बी पेजच पिऊ का आता?” पण भाजल्या नाहीत.

आत्याबाईंनी पहिल्या गुळणीचा तांब्या नाकाशी नेला, हुंगला आणि माझ्यापुढे धरला.

“आधी तू.”

“आत्याबाई, हे मीठ-सोड्याचं पाणी आहे. तुमच्यासमोर कालवलंय.”

“म्हणूनच म्हणते. तुला काय भ्यावं लागतंय?”

मी गुळणी केली. मग त्यांनी केली. असं दिवसातून सहा वेळा, पंधरा दिवस. त्या काळात अख्ख्या अंबड तालुक्यात माझ्याइतकं स्वच्छ तोंड दुसऱ्या कुणाचं नसेल. सकाळी मी त्यांना अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवी आणि आरशानं कवडसा आत पाडून गाल बघे. तेव्हाही त्या माझ्या डोळ्यांवर डोळा ठेवून असत. “गाल बघून राह्यलीस का दात?” गल्लीतही कुजबुज सुरू झाली होती. भाची एवढं करते ती काही उगीच नव्हे, डोळा दातावर आहे, असं कुणीतरी आईच्या कानावर घातलं. मी रागानं दोन दिवस आरसा हातात धरला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा धरला, कारण व्रणाची कड गुलाबी व्हायला लागली होती आणि ते बघितल्याशिवाय मला राहवेना.

दहाव्या दिवशी दुपारी शेठाणीबाई विचारपूस करायला आल्या. मी आत पेज ढवळत होते. मधे कुडाची भिंत, सगळं ऐकू येत होतं. आत्याबाईंना बोलताना त्रास व्हायचा, त्यामुळे त्या एकेक शब्द सावकाश बोलत होत्या.

“बाई, एक पुसू का? मरताना सोनं तोंडात हाय, पण मेणाखाली हाय. तर चालतं का?”

“मेणाखाली कशाला असंल?”

“समजा असलं तर.”

शेठाणीबाई थोडा विचार करून म्हणाल्या, “न्हाई चालायचं बिलकुल. उघडं पाह्यजे. पाण्याला सोनं लागायला पाह्यजे ना.”

“माझं बी तेच म्हणणं,” आत्याबाई म्हणाल्या.

माझा हात पळीवरच थांबला. पेज खाली लागली, जळका वास आला, तरी मी हलले नाही. इतके दिवस मी मेणावर, डॉक्टरांवर, त्या खोलीतल्या माणसावर संशय घेत होते. टोपी काढणारं माणूस दाराच्या आत एकच होतं.

शेठाणीबाई गेल्यावर मी बाहेर आले. “शेकाच्या खोलीत टोपी तुम्ही काढता ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “भिताडाला कान लावून राह्यलीस व्हय?”

“हो. काढता ना?”

“काढते,” त्या म्हणाल्या. “दार लागलं की काढते, मुठीत धरते. यंत्र बंद झालं की बसवते परत.”

मला इतका राग आला की माझा आवाज चिरकला. डॉक्टरांनी मला खोटं ठरवलं, गल्ली मला चोर ठरवते, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचा गाल जाळताय, असं काहीबाही मी बोलले. मरायचंय का तुम्हाला, असंही बोलले.

“तेच तर,” आत्याबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. “सगळे पळून जातेत. दार लावतेत. ते यंत्र घुमायला लागतं अन् मला वाटतं, झालं, हितंच संपलं आता. रोज वाटतं. तिथं पाणी पाजायला कोण हाय? मंग म्हणलं, सोनं तरी उघडं असू दे.”

“मी दाराबाहेर असते ना आत्याबाई.”

“बाहेर असतीस,” त्या म्हणाल्या. “बाहेरच असतीस.”

तीन आठवडे ही बाई रोज मरायच्या तयारीनं त्या खोलीत जात होती, आणि मी बाहेर बाकावर बसून लोकरीचा स्वेटर विणत होते. मला स्वतःची लाज वाटली. अजूनही वाटते.

ती रात्र मी विचारात घालवली आणि सकाळच्या गुळणीनंतर त्यांच्यापुढे बोलणं काढलं. खोलीत जायच्या आधीच गंगेचं पाणी पाजलं तर? सोनं उघडं असताना पाजायचं, मग टोपी चढवायची. आत्याबाई भाजी घासाघीस करून घ्यावी तशा बोलायला लागल्या.

“अन् तुळशीचं पान?”

“तेही.”

“कुठं ठेवणार?”

“टोपीच्या आत. सोन्याला लागून.”

“रोज?”

“रोज. पण मग टोपी काढायची नाही. शपथ घ्या.”

“आधी तू,” त्या म्हणाल्या. मग मी शपथ घेतली की पाणी आणि पान एकही दिवस चुकवणार नाही, आणि नंतर त्यांनी घेतली.

हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. जित्या माणसाच्या तोंडात तुळशीपत्र म्हणजे आईनं मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. मलाही भीती वाटत होती. आपण हे रोज करतोय म्हणजे रोज मरणाला बोलावतोय, असं मनात यायचं. पण गाल भरत आला होता, आणि शेक पुरा झाला नाही तर काय होणार ते मला माहीत होतं. गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी. वडील देवदर्शनाला शहागडला जाणार होते; आत्याबाईंच्या उशाशी असावी म्हणून सांगून मी त्यांच्याकडून बाटली भरून आणवली. सोललेल्या तोंडात नदीचं पाणी घालायला माझं मन धजेना. मी ती गंगा सगळे निजल्यावर गुपचूप उकळली, गार केली आणि धुतलेल्या बाटलीत परत भरली. तुळशीच्या डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि पंधराव्या दिवशी आम्ही जालन्याहून गाडीत बसलो.

डॉक्टरांनी गाल बघितला आणि मान डोलावली. उरलेला शेक सुरू झाला. रोज खोलीच्या दाराशी मी बाटली काढायची. आत्याबाई म्हणायच्या, “आधी तू.” मी एक पळी प्यायची, मग त्यांना पाजायची, ते पाणी त्या डावीकडून, सोन्यावरून घेत. मग पान, मग टोपी. म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही दोघीही मरायला मोकळ्या होत असू. मग त्या आत जायच्या आणि मी दाराला हात लावून उभी राहायची. बाकावर बसणं मी सोडलं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “गंगेला चव न्हाई राह्यली.”

“बाटलीतली आहे ना,” मी म्हटलं.

त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, असा माझा संशय आहे.

डॉक्टरांनी एकदा टोपी तपासायला काढली तेव्हा ते हिरवं पान त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं. “अच्छा,” ते म्हणाले, “मोटाई और बढ़ गई,” आणि पान होतं तसं आत ठेवून टोपी स्वतःच्या हातानं बसवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बेटी, उस दिन मैं गलत था.” मी कोमट पाण्याचं भांडं उचलून बाहेर ओतायला गेले. थांबले असते तर रडले असते.

शेक पुरा झाला. जीभ महिनाभर सोललेली राहिली, मग भरली. गाठ परत आली नाही. तोंडातली थुंकी मात्र कायमची आटली. आत्याबाई जातील तिथं पाण्याचा लोटा नेत, आणि चव गेल्यामुळे घरात सगळे मिठात कसर करतात असा त्यांचा पक्का समज झाला. टोपी त्यांनी काढलेल्या दातांबरोबर गाठीत बांधून ठेवली. “माझ्या मापाची हाय,” म्हणायच्या. “दुसऱ्याला काय करायची?”

त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. मधे आमचं राज्य बदललं, कचेरीच्या पाट्या बदलल्या, माझं लग्न होऊन मी जालन्याला आले. एक दिवस सकाळी निरोप आला की आत्याबाईंना ताप आहे आणि छाती भरली आहे. मी मिळेल त्या एसटीनं अंबडला गेले.

त्या अंगणाकडच्या खोलीत निजल्या होत्या. घर माणसांनी भरलेलं. वडिलांनी कोनाड्यातून गंगेचं पाणी काढलं, तुळशीचं पान घातलं आणि पळी त्यांच्या ओठांशी नेली. ओठ मिटलेले. वडिलांनी पुन्हा नेली. पाणी हनुवटीवरून ओघळलं. आई म्हणाली, दातखीळ बसली. कुणीतरी म्हणालं, बोटानं उघडा, आणि एक हात पुढे आला.

मी तो हात बाजूला सारला आणि वडिलांकडून पळी घेतली. आत्याबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी मला ओळखलं. बोलायची ताकद राहिली नव्हती. गोधडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट तेवढं उचललं गेलं, आणि ते माझ्याकडे होतं.

मला समजलं. मी सगळ्यांच्या देखत ती पळी स्वतःच्या तोंडाला लावली. आई “अगं, काय करतीस” म्हणत राहिली. मी प्यायले, त्यांना दिसेल असा घोट गिळला, आणि पळी पुन्हा भरली. मग आत्याबाईंनी तोंड उघडलं, मान जराशी डावीकडे केली, आणि पाणी सोन्याला लागून आत गेलं.